लबाडी शोधायला गेलो होतो

माझा स्वभाव संशयी आहे. हे कबूल करताना मला कधी लाज वाटली नाही. कोळणीने वाटा लावला की खालचे बांगडे मी उलटून बघणार. कंडक्टरने सुटे पैसे हातावर ठेवले की तिथेच उभा राहून मोजणार. पोफळी गावच्या, वीजगृहाच्या वसाहतीत लोक माझ्या पाठीमागे काय बोलत ते मला ठाऊक होतं. बोलेनात का! कुणी मला फसवून गेला असं मात्र कुणाला म्हणता येत नव्हतं, आणि याचा मला भारी अभिमान होता.

नोकरीही स्वभावाला साजेशी मिळाली. वीजगृहाच्या कंट्रोल रूममध्ये मी ऑपरेटर. दर तासाला यंत्रांची रीडिंग घ्यायची आणि लॉगबुकात लिहायची. बेअरिंगचं तापमान, तेलाचा दाब, पाण्याची पातळी. एकेकटा आकडा काही सांगत नाही. महिनाभराची पानं शेजारी शेजारी ठेवली की मात्र यंत्राला काय होतंय ते दिसू लागतं. आम्ही लॉगबुकवाली माणसं एवढ्या एका गोष्टीवर विश्वास ठेवून जगलो. नोंद ठेवत राहा, यंत्राची खोड आज ना उद्या सापडतेच.

दोन हजार साल उलटल्यावर चिपळूणच्या बाजारात ऑनलाइन लॉटरीची दुकानं निघाली. जुनी लॉटरी मला माहीत होती. तिकीट घ्यायचं, खिशात ठेवायचं आणि विसरायचं. हा प्रकार निराळा होता. भिंतीवर पडदा, काउंटरवर कॉम्प्युटर, शंभरातला एक आकडा निवडायचा आणि दर पंधरा मिनिटांनी सोडत. बाजारहाटाला आलेली माणसं पिशव्या पायाशी ठेवून पडद्याकडे बघत बसलेली असत. मी पहिल्यांदा आत डोकावलो तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. कुणी कुठला आकडा घेतला ते कॉम्प्युटरला ठाऊक, आणि कुठला काढायचा तेही कॉम्प्युटरच ठरवणार. जो आकडा सगळ्यात कमी लोकांनी घेतलाय तोच हे काढत असणार, यात मला तिळमात्र शंका वाटली नाही.

ही लबाडी उघडी पाडायची असं मी ठरवलं. एक वही घेतली आणि रेघा मारल्या. तारीख, वेळ, आलेला आकडा, दुकानात किती माणसं होती, शेरा. सुटीच्या दिवशी सकाळची एसटी पकडून चिपळूण गाठायचं आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून लिहायचं. नुसता बसलो तर काउंटरवाल्याला संशय येईल म्हणून अधूनमधून एखादं तिकीट काढायचं. तिकीट फक्त तपासणीसाठी, हे मी स्वतःला बजावलं होतं.

तिसऱ्या का चौथ्या खेपेला माझ्या वहीने सांगितलेला आकडा लागला. मी दचकलोच. आनंद झालाच, पण त्याहून जास्त मी छाती फुगवून बसलो. चोराची चाल मला कळली होती. आणि चाल कळलेल्या माणसाने नुसतं लिहीत का बसावं?

आता घराचं सांगायला हवं, कारण खरं पणाला लागलं होतं ते घर. गुहागरला मेहुण्याने आपल्या नारळ-पोफळीच्या वाडीलगतची थोडी जागा बहिणीला दिली होती. माझी बायको लग्न झाल्यापासून क्वार्टरमध्ये राहिलेली. नोकरी संपली की क्वार्टर सोडायचं, मग जायचं कुठे, हा तिचा घोर. म्हणून फंडातून पैसे काढून आम्ही काम सुरू केलं. जोतं बांधून झालं. भिंतींसाठी जांभ्याचे चिरे हवे होते. पाऊस लागला की चिरेखाणी बंद होतात, तेव्हा मे महिना संपायच्या आत चिरे जागेवर येऊन पडायला हवेत. खाणवाल्याला आगाऊ रक्कम द्यायची होती आणि ती द्यायचं काम माझ्याकडे होतं.

ती रक्कम घेऊन मी खाणीवर निघालो तो चिपळूणला उतरलो. यातले थोडे लावू, चिऱ्यांबरोबर एक खोलीही वाढवू, असा माझा बेत. थोडे गेले. मग गेलेले परत आणायला आणखी थोडे. माझे आकडे सलग हुकायला लागले तेव्हा शहाण्या माणसाने काय समजायला हवं होतं? मी समजलो की त्यांनी मला ओळखलंय. मी लिहितो ते त्यांनी वर कळवलंय आणि माझ्यासाठी चाल बदललीय. मग मी दुसऱ्या दुकानात जाऊन पाठमोरा बसू लागलो.

तिथे शेजारी आखातातून परतलेला, दाभोळकडचा एक गृहस्थ असायचा. इस्त्रीचा सदरा, तोंडातून शब्द नाही. हा नक्की दुकानाने बसवलेला हेर, असं मी धरून चाललो होतो. एके दिवशी तोच माझ्याकडे वाकून हळूच म्हणाला, "मास्तर, तुमी या दुकानवाल्यांचेच ना? सारखे लिवत असता."

"मी? मला तर वाटत होतं तुम्ही त्यांचे."

आम्ही दोघे पोट धरून हसलो. आणि हसून झाल्यावर दोघांनीही पुढच्या सोडतीचं तिकीट काढलं.

घरी बायको विचारायची, "गवंडी येऊन गेला. चिरे कधी येणार म्हणून विचारलंन."

मी म्हणायचो, "तो खाणवाला लबाड आहे. मऊ चिरा देतो. एका पावसात भिंत झडायला लागेल. दुसरी खाण बघतोय."

तिला हे खरं वाटलं. वाटणारच. ज्या नवऱ्याने जन्मभर कुणालाच सरळ म्हटलं नाही तो खाणवाल्याला लबाड म्हणतोय, यात नवल काय? माझ्या संशयी स्वभावाचा मला इतका उपयोग आधी कधी झाला नव्हता. त्या भल्या माणसाचं मी तोंडही पाहिलेलं नव्हतं. आज हे लिहितानासुद्धा मला स्वतःची चीड येते.

मेच्या शेवटच्या आठवड्यात ती माहेरी एका कार्याला गेली आणि येताना भावाला घेऊन परस्पर खाणीवर जाऊन आली. संध्याकाळी मी जेवायला बसलो होतो. ताट वाढून झाल्यावर ती समोर बसली.

"खाणीवर गेलेले मी. खाणवाल्याने चिरा कुऱ्हाडीने ताशून दाखवलान. चांगला टणक आहे."

मी भात कालवत राहिलो.

"तुम्ही तिकडे गेलाच नाहीत कधी, असं म्हटलंन."

त्यावर मी काय करावं? मी उठून ट्रंकेतून वह्या आणल्या. तीन वह्या भरल्या होत्या. कुठला आकडा किती दिवसांनी फिरून येतो, गर्दी असली की काय येतं, नसली की काय येतं, सगळं मी तिला समजावून सांगू लागलो. अजून महिनाभराची नोंद मिळाली तर सगळं परत येईल, असंही म्हणालो. ती एकेक पान उलटत होती. लॉगबुक कसं असतं ते तिला इतक्या वर्षांत माहीत झालं होतं. शेवटचं पान झाल्यावर तिने विचारलं,

"यात तुमचे किती गेले ते कुठंय?"

"ते कशाला? ही नोंद यंत्राची आहे."

"मग आता लिहा."

तिने पेन पुढे केलं. मी रकाना आखला आणि आठवेल तसं लिहायला बसलो. पहिल्या वहीचं अर्धं पानही झालं नसेल, मी पेन खाली ठेवलं. बेअरिंगचं तापमान एवढं चढलं असतं तर मी कुणाला न विचारता यंत्र बंद केलं असतं. इथे मी रीडिंगच घेतलं नव्हतं. चिऱ्यांच्या रकमेतलं जवळजवळ काही उरलं नव्हतं. मला रडू आलं, आणि तिच्यासमोर रडू आलं म्हणून रागही आला.

ते दुकानवाले लबाड नव्हते असं मी आजही म्हणणार नाही. माझी खात्री अजून पटलेली नाही. पण लबाडी करायची त्यांना गरजच नव्हती. शंभर आकडे, आणि आपला लागला तर मिळणार शंभरपटीहून बरंच कमी. दुकानाच्या दारातल्या फळ्यावर हे ठळक लिहिलेलं होतं. जितका जास्त वेळ बसाल तितकं जास्त जाणार, हे शाळेतल्या पोरालाही सांगता आलं असतं. मी लपवलेलं शोधत बसलो आणि उघडं लिहिलेलं वाचलं नाही.

पासबुक आणि पगार मी तिच्या हवाली केला. माझ्या पाळीतल्या सोबत्याला सगळं सांगितलं, म्हणजे सुटीला कुठे जातोस हे विचारणारं कुणीतरी राहील. चिपळूणला जायचं ते तिच्याबरोबर. तरी कितीतरी महिने घड्याळात सव्वा, साडे, पावणे वाजले की मी अस्वस्थ व्हायचो. सुटलो असं मी अजूनही म्हणत नाही, कारण या बाबतीत माझा माझ्यावर विश्वास नाही.

जोतं तो पावसाळा उघडंच राहिलं. त्यावर गुडघाभर गवत माजलं. पुढल्या उन्हाळ्यात, नकाशातली एक खोली कमी करून, त्याच खाणीतून चिरे आले. ट्रक वाडीच्या फाटकाशी, बेड्यापाशी थांबला तसा मी लगबगीने पुढे झालो. चिरे मोजून, कडा बघून उतरवून घ्यायचे होते, आणि या कामात माझा हात धरणारा कुणी नव्हता.

बायको माझ्याआधी ट्रकपाशी पोचली होती. तिने खाणवाल्याला नमस्कार केला, मागची फळी पाडायला लावली आणि एकेक चिरा बघून घेऊ लागली. मी जवळ गेलो तशी वळली. आवाजात राग नव्हता.

"तुम्ही नको," ती म्हणाली. "तुम्ही सावलीत बसा."