आईची खुर्ची

कुंदा गेल्याचा निरोप मोबाइलवर आला. निळ्या रंगावर पांढरं कमळ, शेजारी मेणबत्ती, आणि खाली ओळ, 'आमची प्रिय कुंदा दीर्घ प्रवासाला निघाली.' मी विकास नगरच्या बाजारात भेंडी निवडत होते. भाजीवाल्याने विचारलं, "क्या हुआ, मैडम?" आणि मी भर रस्त्यात मराठीत ओरडले, "प्रवासाला कसली जातेय, मेली ती!" त्या माणसाला काय कळलं कोण जाणे, त्याने गुपचूप पिशवी माझ्या हातात दिली. रडू नंतर आलं. आधी संताप आला, तो त्या ओळीचा. कुंदा मेश्रामच्या वर्गात कुणी असं वाक्य बोललं असतं ना, तर तिने त्याला तासभर उभं केलं असतं.

अलीगंजच्या आमच्या शाळेत ती इंग्रजी शिकवायची, मी विज्ञान. ती अमरावतीची, मी सातारची. तिचे यजमान, मेश्राम, केंद्र सरकारच्या हिशेब खात्यात, त्यांच्या बदलीमुळे ती इथे हिंदी मुलखात आली आणि इथलीच झाली. आख्ख्या स्टाफरूममध्ये मराठी आम्ही दोघीच. प्रिन्सिपल मॅडम समोर बसलेल्या असताना त्यांच्या साडीबद्दल आम्ही जे काही बोललोय, ते इथे छापण्याजोगं नाही.

सातवीला एक कादंबरी होती. बर्फाच्या डोंगरात मेंढपाळाच्या झोपडीत एकटी अडकलेली मुलगी आख्खा हिवाळा कसा काढते, त्याची. बाकीच्या बायका प्रश्नोत्तरं लिहून द्यायच्या आणि मोकळ्या व्हायच्या. कुंदाने वर्गाचे चार गट पाडले, पाणी, विस्तव, निवारा आणि शरीर. प्रत्येक गटाने शोध घ्यायचा, माणसांना विचारायचं, स्वतः करून बघायचं, आणि मग त्या मुलीने पुढे काय करावं ते ठरवायचं. त्यांचं म्हणणं खरं की खोटं हे तपासायला मला बोलावणं. पहिल्याच वर्षी निवारा गटाने स्टेशनरीच्या दुकानातून थर्माकोलची तयार झोपडी आणली. कुंदाने ती जमिनीवर ठेवली आणि चपलेसकट तिच्यावर पाय दिला. "बर्फ गिरा," म्हणाली. त्या पोरांच्या आया तक्रार घेऊन आल्या, तर त्यांनाही तिने झोपडीचा चुरा दाखवला.

पण खरी गोष्ट होती ती खुर्ची. एखाद्या गटाचं उत्तर चुकलं, म्हणजे बर्फ तसाच खाल्ला, बंद झोपडीत निखारे ठेवून झोपवलं, की मी मान हलवायची आणि कुंदा म्हणायची, "मर गई. तुम लोगों ने मारा." मग ती कोपऱ्यातली निळी प्लास्टिकची खुर्ची ओढायची, डाव्या हाताला तडा गेलेली. डोक्यावर पदर घेऊन तीत बसायची, की ती त्या मुलीची आई झाली. गटातल्या एकाने समोर यायचं, हात सरळ ठेवायचे आणि आईला सांगायचं. पहिल्याच वाक्यात सांगायचं. देवाघरी गेली, झोपली, असलं काही चालणार नाही. मग आई जे विचारेल त्याचं, जेवढं ठाऊक असेल तेवढंच उत्तर.

एकदा एक गोड पोरगी समोर आली आणि तिला ते बोलवेना. "आंटी, वो... थोड़ी बीमार है." कुंदाचा चेहरा असा उजळला! "अच्छा? तो स्वेटर भेज दूँ? लाल वाला? वो खाना तो खा रही है ना?" पोरगी हो म्हणाली. आई खूष झाली, शिऱ्याबद्दल विचारायला लागली, घरी कधी येईल म्हणाली... थांबेचना. शेवटी ती मुलगी हुंदके देत खाली बसली. मी बाहेर आल्यावर कुंदाला म्हटलं, "राक्षसीण आहेस तू. बारा वर्षांची लेकरं आहेत ती." ती डबा उघडत म्हणाली, "नलू, जिला खोटं सांगितलं ती आई स्वेटर विणत बसते गं. राक्षसीण कोण मग?"

गेल्या हिवाळ्यात ती वाळायला लागली. मेश्रामांनी सांगितलं, अल्सर आहे. मलाही तेच सांगितलं. प्रिन्सिपल मॅडमना तेवढं खरं सांगितलं होतं, रजेसाठी. बेंगळुरूचा मुलगा रोहन रोज फोनवर, "मम्मी, टेंशन मत लो." डॉक्टर तिला बाहेर बसवून आत नवऱ्याशी बोलायचे. आयुष्यात स्वतःच्या हाताने पाण्याचा पेला न घेतलेले मेश्राम तिला डाळिंब सोलून द्यायला लागले. "नलू, सगळे फार गोड वागायला लागलेत," ती म्हणाली, "मला भीती वाटते." तिने प्रत्येकाला विचारलं, हात जोडूनसुद्धा. एकानेही तोंड उघडलं नाही. तिला धक्का बसेल म्हणे! त्यांना तिचे डोळे बघायचे नव्हते, एवढंच होतं ते.

फेब्रुवारीत शरीर गटाने त्या मुलीला मारलं, कुठलीशी मुळं खायला घालून. सांगायची पाळी इकराची. तिने नीट सांगितलं, पहिल्या वाक्यात. कुंदा पदर काढून उठणार तेवढ्यात इकरा म्हणाली, "मैम, अभी बैठी रहिए." हात तसेच सरळ. "मैम, आपको कैंसर है. घर में सबको पता है. आपको नहीं बताया." कुंदाने त्या मुलीकडे बघितलं आणि रोजचाच प्रश्न विचारला, "कैसे पता?" इकराची आई तपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती, रिपोर्ट तिने पाहिला होता, घरी बोलली होती. "और क्या पता है?" "बस इतना ही, मैम." कुंदा म्हणाली, "ठीक बोला. बैठो." आणि फळ्यावर पुढच्या धड्याचं नाव लिहिलं. तिचा हात किंचितही हलला नाही, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

पुढे जे व्हायचं तेच झालं. मेश्राम शाळेत येऊन ओरडले. इकराच्या आईची नोकरी गेली, इकराला दुसऱ्या तुकडीत टाकलं, आणि प्रकल्प 'मुलांच्या मनावर वाईट परिणाम' म्हणून बंद झाला. कुंदा त्या तुकडीच्या दाराशी जाऊन इकराला भेटायची, तर तेही नको म्हणून तिला लेखी समज दिली. खरं बोललेल्या एकट्या पोरीला सगळ्यांनी मिळून शिक्षा केली आणि खोटं बोलणारे डाळिंबं सोलत राहिले. पोरीने चुकीचं ऐकलं, अल्सरच आहे, असं मेश्राम शेवटपर्यंत म्हणत होते. कुंदा "हो, अल्सर" म्हणायची आणि माझ्याकडे बघून हसायची. ते हसू बघवायचं नाही. शेवटच्या भेटीत मला जवळ बोलावून म्हणाली, "हे लोक माझ्या आईला सांगणार नाहीत. तू सांग. पहिल्या वाक्यात."

जूनमध्ये ती मेली. आणि तसंच झालं. अमरावतीला ऐंशी ओलांडलेली आई, तिला कुणी कळवलं नाही. धाकटा भाऊ, वहिनी, सगळे त्यात सामील. मी नंबर मागितला तर मेश्राम रडले, "ताई, म्हातारी मरेल हो. पेपरात तिच्यावर लेख वगैरे लिहू नका, त्या रविवारची पुरवणी वाचतात." मी नंबर मागत राहिले, ते रडत राहिले.

जुलैत शाळा उघडली. सुटल्यावर सातवीच्या रिकाम्या वर्गात कपाट आवरत होते, तर अनोळखी नंबरवरून फोन. "जयभीम. मी कुंदाची माय बोलते अमरावतीहून. तुमचा नंबर मागच्या वर्षीच्या आंब्याच्या पेटीवर होता." दर उन्हाळ्यात कुंदा मलिहाबादहून दसरी आंब्यांची पेटी आईला पाठवायची, मागच्या वर्षी तिनेच पत्ता लिहिलेली पेटी मी रवाना केली होती. "या साली आंबे नाही आले, बाई. कुंदा फोनही नाही उचलून राहिली. काहून?"

हाताला लागली ती खुर्ची ओढली आणि बसले. डावीकडचा तडा दंडाला टोचला तेव्हा कळलं कुठली खुर्ची ते. उठले. सरळ उभी राहिले.

"आई, कुंदा मेली. जूनमध्ये. कॅन्सरने."

पलीकडे पंख्याचा आवाज येत होता. मी काही भर घातली नाही. त्या विचारतील तेवढंच सांगायचं होतं. दुखलं का तिला? हो, दुखलं. तिला ठाऊक होतं? होतं. कोण होतं जवळ? नवरा होता.

मग त्या हळूच म्हणाल्या, "मग रोज सकाळी मले फुलं कोण पाठवते?"

"कसली फुलं?"

"मोबाइलवर. कुंदाच्या फोनवरून. गुलाबाची, सुप्रभात लिहिलेली. आज सकाळीही आली."

तिचा फोन रोहनकडे होता. मी सांगितलं, "तुमचा नातू पाठवतो. तिच्या फोनवरून."

"असं," त्या म्हणाल्या. "मी आज तिले लिहिलं होतं, जेवली का म्हणून."

मला पुढचं ऐकायचं नव्हतं.

"हो म्हणाली."