उंदरांच्या खोलीतली ममता

ममताच्या अंगाला उंदरांच्या मुताचा वास येई आणि तो साबणानं जात नसे. भिलाईजवळच्या चरोद्याच्या रेल्वे कॉलनीत राहणारी ही बाई कुम्हारीजवळच्या एका खासगी फार्मसी कॉलेजात प्राण्यांची खोली सांभाळायची. पिंजरे धुवायचे, भुसा बदलायचा, पाणी भरायचं. इतकी वर्षं झाली तरी सकाळी दार उघडलं की ती पदर नाकाशी धरायचीच. नवरा हेमराज यार्डात कामाला. ती घरी आली की तो म्हणे, "आधी आंघोळ कर, मंग चहाले हात लाव."

पण खरी शिसारी तिला आली ती नागपूरच्या अनुजा मॅडम संशोधनाला आल्यावर. जेमतेम आठवड्याची, डोळेही न उघडलेली पिल्लं मॅडम बर्फावर ठेवायच्या. ती गारठून निपचित पडली की बारीक सुईनं मेंदूत द्रवाचा थेंब सोडायच्या. तेवढा भाग मरून जायचा. मग ममतानं पिल्लांना ऊब द्यायची आणि परत आईपाशी सोडायचं. एकदा त्या आईनंच दोन पिल्लं कुरतडून खाल्ली. उरलेलं ममतानं चिमट्यानं उचललं आणि बाहेर येऊन भडाभडा ओकली.

"कावून करता मॅडम हे पाप?"

"स्किझोफ्रेनिया कसा होतो ते समजायला, ताई."

तो शब्द ममताला ठाऊक होता. तिचा धाकटा भाऊ पराग कॉलेजात असतानाच बिघडला होता. भिंतीशी बोले, जेवणात विष आहे म्हणे. डॉक्टरनं हेच नाव सांगितलं होतं. पण आई कांताबाईनं गोळ्या लवकरच बंद केल्या. तिच्या मते आजार नव्हताच. भिलाईच्या कॅम्प वस्तीत, ममताच्या माहेरासमोर रंभाबाई नावाची विधवा राहायची. पराग पास झाला तेव्हा तिनं कौतुकानं त्याला पेढा भरवला, आणि महिन्याभरात पोराचं डोकं फिरलं. झालं, रंभाबाई टोनही ठरली. चेटकीण! तेव्हापासून गल्लीत कुणी तिच्या हातचं पाणी पीत नव्हतं.

इकडे पिल्लं छान वाढली. हुंदडली, एकमेकांच्या अंगावर झोपली. ममताला वाटलं, वाचली बिचारी. पण वयात आली आणि त्यांचं तंत्र बिघडलं. भांडं वाजलं की टुणकन उडत, पिंजऱ्यात उगाच फेऱ्या घालत, सोबत्याला जवळ येऊ देत नसत.

"इजा लहानपणीचीच आहे," अनुजा मॅडम म्हणाल्या. "दिसायला लागली आत्ता. माणसातही काहीसं असंच होत असावं, असा अंदाज आहे. पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे, ताई. मी छातीठोक सांगणार नाही."

"मॅडम, पेढा खाऊन होते का हा आजार?"

मॅडम चमकल्या. "पेढा? छे! हे मात्र मी छातीठोक सांगते."

त्या रविवारी ममता माहेरी गेली. गल्लीतच मिरच्यांचा धूर नाकात शिरला. आत एक जटाधारी बाबा परागची मान धरून त्याचं तोंड मिरच्या टाकलेल्या निखाऱ्यांच्या धुरात दाबत होता. हात कांताबाईनं धरले होते. परागच्या नाकातून, तोंडातून लाळ गळत होती.

"बोल, टोनही का नाम बोल!"

"रंभा!" पराग किंचाळला.

दारातल्या बाया समाधानानं माना डोलवू लागल्या. बाबानं झोळीतून कात्री काढली. आता समोर जाऊन तिचे केस कापायचे, म्हणाला.

ममताला बर्फावरची पिल्लं आठवली. मॅडम पिल्लांना निदान बधिर तरी करत होत्या! तिनं मोरीतली बादली उचलली आणि निखाऱ्यांवर ओतली.

"भाईर हो! टोनही म्हणाच्या विरोधात कायदा आहे इथं. पोलिसाले फोन लावून राहिली मी."

बाबा पुटपुटत निघाला. कांताबाईनं कपाळ बडवून घेतलं. "भावाले तूच मारून राहिली, पोरी!"

"गोळ्या तू बंद केल्या, आई. रंभाकाकूनं नाई."

तिनं परागचं तोंड पुसलं. मग समोरचं दार वाजवलं. रंभाबाईनं साखळी न काढता फटीतून पाहिलं.

"काकू, तुमचा काई दोष नव्हता."

"मले मालूम होतं," रंभाबाई म्हणाली आणि दार लावून घेतलं.

परागला ममता चरोद्याला घेऊन आली. हेमराजनं कुरकुर न करता आपली खाट दिली. दुर्गच्या मानसोपचारतज्ज्ञाकडे गोळ्या सुरू झाल्या. आता पराग स्वतः आंघोळ करतो, भाजी आणतो. आवाज येतात अजून, "पण हळू बोलतात" म्हणतो. कॉलेजात ममतानं स्पष्ट सांगितलं, पिंजरे धुईन, पण पिल्लांना हात लावणार नाही. अनुजा मॅडमनी मान्य केलं.

कांताबाई मात्र येईल त्याला सांगते, बाबाचा उतारा अर्धा राहिला म्हणून पोरगा पुरता बरा होत नाही. ते ऐकलं की ममता ताटावरून उठते.