न गळणारं धान

दुपारी जेवण झाल्यावर खाटेवर जरा आडवी होते. पेरणीला आठ दिवस उरलेत, कूलरची घरघर चालू आहे. हळूहळू त्या घरघरीत पाण्याचा आवाज मिसळतो. पाय ओले लागतात. पाहते तर खाट गावतळ्यात आहे, आणि समोर गुडघाभर पाण्यात सायत्रा मोठीआई पदर खोचून उभी आहे.

मोठीआई, म्हणजे माझी मोठी काकू, गेल्या भाद्रपदात गेली. हे मला स्वप्नातही ठाऊक आहे, म्हणून तिच्याकडे नीट पाहायचा धीर होत नाही.

"ऊठ वं. भूक लागली मले," ती म्हणते. "पंचमीचा उपास सुटलाच नाई अजून."

ऋषिपंचमीला नांगरलेल्या जमिनीतलं चालत नाही, म्हणून आमच्याकडच्या बाया तळ्यात आपोआप उगवणारं देवधान खातात. ते पिकलं की हात लावताच पाण्यात गळतं. मोठीआईने जन्मभर त्या लोंब्या पिकण्याआधीच जुड्या करून बांधल्या आणि चिखलात उभं राहून झाडून घेतल्या. मी शेतकी शिकलेली शहाणी. तिचे हाल वाचावेत म्हणून न गळणाऱ्या लोंब्या निवडून मी त्या चार वर्षं घरामागच्या बांधीत, म्हणजे नांगरलेल्या भातखाचरात पेरल्या, आणि गेल्या पंचमीला तिला तोच भात वाढला. तळ्यातलाच आहे, म्हणाले. नवव्या दिवशी ती गेली.

"मोठीआई, तुले एक सांगायचं होतं."

"आधी खायले दे."

मी लोंबी धरते. दाणे बोटांतून पाण्यात. दुसरी धरते, तेच. ती आ करून उभी आहे, आणि त्या तोंडात ना दात दिसतात, ना जीभ.

"ते धान बांधीतलं होतं," मी रडत सांगून टाकते. "नांगरलेल्या. मी खोटं बोलली."

ती माझा हात धरून पुढे निघते. हात चिखलाइतका गार आहे. तळं आमच्या स्वयंपाकघरातून जातं, चुलीला वळसा घालतं, आणि पुढे त्याला पलीकडचा काठच नाही. दोन्ही बाजूंना वाकलेल्या बाया. कुणी डोंगरउतारावरच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या खाचरांत, कुणी समुद्राच्या कडेला, कुणी होडीतून उतरतेय, कमरेला बियाण्याची पुरचुंडी. त्यांची बोली मला कळत नाही. जसजसं पुढे जावं तसतसे बांध कमी होत जातात. शेवटी एकच बांध उरतो, आणि एकच बाई, कमरेला झाडाची साल गुंडाळलेली, मुठीत न गळलेली लोंबी. तिच्यामागे एक म्हातारी आ करून उभी आहे.

"हेच पयली बाई," मोठीआई म्हणते. "हिनंबी आपल्या सासूले असंच खाऊ घातलं. न सांगता."

"मंग?"

"मंग काय. धान गळाचं थांबलं, दरसाल पेराचं मागं लागलं. तवापासून कोनी चिखलातून वर आलं नाई." ती माझ्याकडे वळते. "तुह्यं ते बांधीतलं धान हाये का थोडं?"

"बियाण्यापुरतं आहे. घरी."

"मंग तेच दे. काय करू, भूक तं लागली."

कूलर बंद पडलाय, लाइट गेलीय. मी घामाने भिजून उठते आणि खुंटीला टांगलेली बियाण्याची जुडी खाली घेते. एकही दाणा गळलेला नाही, लोंब्या भरलेल्याच दिसतात. चिमटीत एक दाबून पाहते. पोकळ. दुसरा, तोही पोकळ. जमिनीवर बसून मी सगळी जुडी तपासते. टरफलं जशीच्या तशी देठाला धरून आहेत, आत काही नाही.

तिचा उपास सुटला म्हणून मला हायसं वाटतं. पण पेरायला तिने एक दाणा मागे ठेवलेला नाही.