पंचनाम्याच्या दिवशीचा चहा

...तर दोनदा सुरमई पोचवून आला, दोनदा बहिणीच्या पडवीत बसून माडांच्या आणि पावसाच्या गोष्टी केल्या, पण जे सांगायला गेला होता ते काही भिकाजीच्या घशातून बाहेर येईना, इथवर काल आलो होतो. तिसऱ्या खेपेला तो सकाळीच माझ्या दारात. म्हणाला, "सत्यवाना, तू चल माझ्यावांगडा. त्या कागदार तुझी पण सही आसा."

होतीच.

ती सही कसली, हे सांगायचं तर आधी तुळसा सांगायला हवी. भिकाजीची ही थोरली बहीण. आम्ही तिघंही देवबागच्या शाळेतले. मास्तर पाढे विचारायचे तेव्हा तुळसा मागून हळूच उत्तर सांगायची आणि मी छाती पुढे काढून शाबासकी घ्यायचो. एकदा तिनं मुद्दाम चुकीचं सांगितलं. मी पाच छड्या खाल्ल्या. वर मलाच विचारते, "दुसऱ्याच्या तोंडान किती दिवस बोलतलस रे?" अजून हसू येतं.

लग्न होऊन ती वालावलला गेली. नवरा लवकर वारला. रतांब्यांची कोकम-सोलं वाळवून, सरबताची आगळ विकून तिनं दोन मुली शिकवल्या, उजवल्या. तिचे वडील बाबलकाका दोन वर्षं अंथरुणाला खिळले, तेव्हा भिकाजी मासेमारीच्या बोटीवर असायचा. दर शनिवारी तुळसा वालावलहून दोन एसट्या बदलून यायची. म्हाताऱ्याला न्हाऊ घालायची, नखं काढायची, आठवडाभराची पेज-भाजी सुनेला समजावून परत जायची. एक शनिवार चुकला नाही.

म्हातारा गेला. तेरावं झालं आणि दुसऱ्याच दिवशी वारसांचा पंचनामा ठेवला. आम्ही पाच पंच. सातबारावर बाबलकाकांच्या जागी कोणाचं नाव लावायचं ते सांगायला बसलो. आम्ही सांगितलं, तलाठ्यानं लिहून घेतलं: मयताला भिकाजी हा एकच वारस, दुसरा कोणी नाही. कोणाच्या मनात कपट नव्हतं, हे खरं. पण तेच जास्त लागतं. आमच्याकडे रीतच तशी. मुलगी दिली की ती तिकडची. भाऊबीजेला साडी, हंगामाला नारळ, झाला तिचा हिस्सा. खाडीपासून समुद्रापर्यंत गेलेल्या त्या बारा गुंठ्यांत तिचंही काही आहे, हे आमच्या डोक्यातच आलं नाही. मी तर सही अशी वळणदार केली की तलाठी म्हणाला, अक्षर छान आहे तुमचं. मी खूश.

आणि नेमका त्याच वेळी चहा घेऊन कोण आली? तुळसा. तेराव्यासाठी राहिली होती ना. शाई ओली होती म्हणून मी कागद जरासा सरकवला, बशी घेतली आणि वर म्हटलं, "गो तुळसा, साखर कमी पडली."

बावीस वर्षं झाली. आम्हा पाचांपैकी तीन पंच गेले. उरलेल्या दोघांत मी.

यंदा कोल्हापूरच्या एका डॉक्टरांनी भिकाजीची ती जागा वीस वर्षांच्या भाडेपट्ट्यानं मागितली. पर्यटकांसाठी खोल्या बांधायच्या होत्या, आणि गोव्यातल्या हॉटेलात राबणारा भिकाजीचा विनीत त्या सांभाळायला घरी परतणार होता. मुलगा दारी येणार म्हणून भिकाजी हवेत. डॉक्टरांच्या वकीलबाई कागद बघायला आल्या. सातबारा बघितला, जुना फेरफार बघितला. भिकाजीची बायको विमला, तिनं सरबत दिलं. बाई सहज म्हणाल्या, "आगळ छान आहे हो. घरची का?"

विमला म्हणाली, "आमची वनस वालावलाक आसता, ती धाडता."

वकीलबाईंनी पेला खाली ठेवला. "म्हणजे यांची सख्खी बहीण? हयात?"

भिकाजी माडाकडे बघत बसला. बाईंनी मग शांतपणे समजावलं. सातबारावर नाव नाही म्हणून वारसाचा हक्क जात नाही. लग्न झालेली मुलगीही वारसच. साडी दिली म्हणजे हिस्सा दिला, असं कायद्यात कुठं लिहिलेलं नाही. भाडेपट्ट्यावर एक तर बहिणीचीही सही हवी, नाही तर तिनं आपण होऊन नोंदणीकृत हक्कसोडपत्र द्यायला हवं. त्याशिवाय डॉक्टर पुढे यायचे नाहीत.

भिकाजीनं सोपा रस्ता धरला. मालवणात हक्कसोडपत्राचा मसुदा टाइप करून आणला. तो पिशवीत घालून आम्ही तिसऱ्या खेपेला वालावलला गेलो.

तुळसा पडवीत सोलं निवडत होती. आम्हाला बघून म्हणाली, "आज सुरमई नाय हाडलस? म्हणजे आज बोलतलस."

भिकाजी जमिनीकडे बघत सगळं बोलला. पंचनामा, वकीलबाई, विनीत, काही लपवलं नाही. तुळसाचे हात थांबले नाहीत. मग तिनं माझ्याकडे बघितलं. "साखर कमी पडलेली, नाय रे, त्या दिवशी?"

मी उगाच तिनं निवडलेली सोलं पुन्हा निवडू लागलो.

"कागद उघडोच होतो," ती म्हणाली. "माका वाचूक येता."

बावीस वर्षं. दर भाऊबीजेला तिनं भिकाजीला ओवाळलं, आगळीची बाटली मलाही पाठवली, आणि हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. माझ्या एवढ्या आयुष्यात, पोरांनो, मी कोणाच्या अंगणात इतका लहान झालो नाही.

भिकाजीनं मसुदा पुढे केला. "बाय, फकत एक सही. तू तुझो हक्क सोडतंय म्हणान. विनीत घराक येतलो गो."

तिनं कागद घेतला, सावकाश वाचला, घडी घातली आणि त्याच्या हातात परत दिला. मग म्हणाली:

"लागलांच नाय तां नाव मी सोडू खंयसून, भिकाजी? आधी त्या तलाठ्याच्या हाफिसात जा, ह्या सत्यवानाक पण घेवन जा, आणि सांगा, आमी खोटां लिवन दिलांव. बाबलाचा चेडू, सख्खी लेक म्हणान माझां नाव लागांदे. मगे सोडूचां काय ठेवूचां, तां मी बघतंय."