किनवटच्या माकडिणीचा कान

रविवारची सराव परीक्षा दुसऱ्या सरांवर सोपवून मी लातूरहून पहाटेच्या एसटीने निघालो. मी शिकवणी वर्गात जीवशास्त्र शिकवतो. सोबतीला बोलावलं होतं अर्चनाने, माझ्या जुन्या विद्यार्थिनीने. लहानपणी भूकंपात तिची आई गेली; आता ती माकडांच्या गुणसूत्रांवर संशोधन करते.

नांदेडला ती भेटली. रेल्वेत धपाटे (ज्वारीच्या पिठाची तिखट भाकरी) खाताना म्हणाली, "सर, आई-बापाची गुणसूत्रं पुढच्या पिढीला देण्याआधी त्यांच्या तुकड्यांची अदलाबदल होते. ठरावीक जागी जास्त. पण अगदी जवळच्या दोन जातींतही त्या जागा वेगळ्या असू शकतात. कशा सरकल्या, ते बघायचंय." गोदावरीच्या दक्षिणेकडच्या, डोक्यावर केसांची टोपी असलेल्या माकडांचे नमुने तिच्याकडे होते. आता उत्तरेकडच्या लाल तोंडाच्या माकडांचे हवे होते.

किनवटला वनरक्षक जीप घेऊन उभा होता. "मॅडम, पलीकडच्या गावात तारेला चिकटून माकडीण मेली. गाव तिची मिरवणूक काढून राहिलं. लवकर चला."

सागाच्या जंगलात जीप नाल्यात रुतली. ढकलताना माझी एक चप्पल चिखलात गेली ती गेलीच. अनवाणी पायाने लंगडत गावात पोचलो.

मारुतीच्या देवळापुढे तिरडी, वर झेंडूची फुलं. उशाशी यमुनाबाई बसलेली. माकडीण रोज तिच्याच अंगणात यायची.

"कापू न्हाई देणार म्या," अर्चनाच्या हातातली बर्फाची पेटी बघून ती म्हणाली.

"सरकारी परवानगी हाय," वनरक्षक तडकला. अर्चनाने त्याला थांबवलं आणि ती बाईजवळ मातीत बसली.

"मावशी, तुम्ही न्हाई म्हणलात तर आम्ही जातो. कानाचा ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा पायजे."

"कशाला?"

"हिच्या आई-बापाचं हिच्यात कसं मिसळलं, ते कळंल."

बाईने तिच्याकडे निरखून पाहिलं. "तुजी माय हाय का?"

"न्हाई. भूकंपात गेली. लई माणसं गेली, समद्यांना संगंच जाळलं. मला कुणी काही इचारलं न्हाई."

मग यमुनाबाईने फुलं बाजूला केली आणि तो कान स्वतःच्या तळहातावर धरला.

"हळू घे," ती म्हणाली. "दुखंल तिला."

अर्चनाने दाण्याएवढाच तुकडा घेतला आणि फुलं पुन्हा सारखी केली. नंतर आम्ही दोघांनीही तिरडीला खांदा दिला.

परतीच्या गाडीत बर्फाची पेटी तिच्या मांडीवर होती. "एका नमुन्याने काय कळेल?" मी विचारलं.

"काहीच नाही, सर. असे खूप लागतील."

मुलांना उत्तर कसं काढायचं ते मी वर्षानुवर्षं शिकवत आलो. मागायचं कसं, हे शिकवायचं मला कधी सुचलंच नव्हतं.

लातूरला उतरताच तिच्या वडिलांचा फोन आला. "सर, काम झालं का पोरीचं?"

"झालं," मी म्हणालो. "एका मायनं दिलं."