गॅरेजमधली लक्ष्मी

नागपूरच्या अनघाताई त्या दिवशी शेजारी उभ्या राहिल्या नसत्या, तर माझ्या तोंडून शब्द फुटला नसता. हे आधी सांगतो, मग बाकीचं. आमच्या झोराआजी गेल्या, त्याला काही आठवडे झाले. इथं अमेरिकेत, अर्विंगला, त्यांच्या घराच्या मागच्या खोलीत मी भाड्यानं राहतो, हॉटेलात पोळ्या लाटतो. शाळा आठवीत सुटली, इंग्रजी कामापुरतं. आजींचंही तसंच, म्हणून जमायचं.

एकदा स्वयंपाकघरात त्यांच्या झाडूला माझा पाय लागला. मी वाकून नमस्कार केला. "हे काय?" "लक्ष्मी," म्हटलं. आजी खुर्चीत बसल्या आणि पहिल्यांदाच गावाबद्दल बोलल्या. गाव गोरित्सा, इटलीवाले गोरिझिया म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर इटली आणि युगोस्लाव्हियाची हद्द त्यातूनच काढली. शहर तिकडं इटलीत, रेल्वे स्टेशन आणि आजींचं घर इकडं युगोस्लाव्हियात, मधे तार. मावशी तारेपलीकडे. मी म्हटलं, आम्ही निपाणीचे, कर्नाटकातले. माझी मावशी कागलला, महाराष्ट्रात. "मग भेटता कसे?" "एसटीनं." आजी कितीतरी वेळ हसत होत्या... मग म्हणाल्या, एका रविवारी इकडच्या माणसांचा लोंढाच चौकी ओलांडून गेला. नातलगांना भेटले, दुकानांत शिरले. इकडं साधा झाडू मिळत नव्हता. आई बहिणीला भेटून परतली ती खांद्यावर झाडू घेऊनच. पुढं युगोस्लाव्हियाच उरला नाही, तारही गेली. पण दुकानात झाडू दिसला की आजींचा हात जायचाच.

आमच्या भाषेत झाडूला 'लक्ष्मी'च म्हणतात, असा त्यांचा समज झाला तो कायमचा.

घरीच झालेल्या स्मरणसभेत त्यांची मुलगी नीना रडत म्हणाली, शेवटी आईला भास व्हायचे. फोनवर सांगायची, लक्ष्मी गॅरेजमध्ये उभी आहे, आज आणखी एक लक्ष्मी आणली. मी सांगायला उठलो, पण इंग्रजी जुळेना. आजी वेड्या ठरून जाणार होत्या...

"काऊन घाबरून राहिला? तू मराठीत बोल, मी इंग्लिशमध्ये सांगते ना," आजींच्या गल्लीत राहणाऱ्या अनघाताई माझ्या शेजारी येऊन म्हणाल्या. मी बोलत गेलो, त्या सांगत गेल्या. मी अडलो की त्याही थांबायच्या. पदरचं काही घातलं नाही.

नीना उठून गॅरेजमध्ये गेली. वेष्टनही न काढलेले झाडू भिंतीला ओळीनं उभे होते. "म्हणजे आई शेवटपर्यंत ठीक होती," एवढंच म्हणाली, आणि त्यांतला एक मला दिला.

आता घर विकणार म्हणतात. कुठं जायचं, जिवाला थारा नाही. झाडू खोलीत आहे, पाय लागू देत नाही. आणि अनघाताई, तुमच्यावर कधी बोलता न येण्याची वेळ आली, तर मला हाक मारा. इंग्रजी येणार नाही, पण येऊन उभा राहीन. ही फेड माझ्याकडं राहिली.