खाली आणलेली फळी

"आपल्याकडून काही राहायला नको," असं म्हणत काका कागदांचा गठ्ठा टेबलावर आपटायचे. आधी उभा, मग आडवा, मग पुन्हा उभा. चारही कडा सुतात आल्या की वरून एकदा हळूच थोपटायचे. हे मी पन्नास वेळा तरी पाहिलं असेल, कारण टेबल माझ्या स्वयंपाकघरातलं होतं.

ओहायोतल्या डब्लिनमध्ये त्यांची आणि आमची भिंत एक. मी मूळची नाशिकची, तोंडाची फटकळ. ते साताऱ्याचे आणि अबोल. एका औषध कंपनीच्या क्वालिटी विभागात मालाची तपासणी करायची, ही त्यांची पंचवीस वर्षांची नोकरी. तुमच्या मंडळातही असा एक माणूस असेल बघा. गणपतीत चहाच्या थर्मासपाशी उभा असतो, सगळ्यांना कप भरून देतो, आणि ग्रुप फोटोत कधीच नसतो. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. लग्न झालेलं नव्हतं. धाकट्या भावंडांचं करता करता राहून गेलं, एवढंच ते सांगायचे.

एकदा साताऱ्याहून परतले ते थेट कंदी पेढ्यांचा पुडा घेऊन आमच्या दारात. म्हटलं, "काय काका, काय विशेष?"

पायपुसण्याकडे बघत म्हणाले, "काही नाही गं. जरा लग्न केलं."

जरा! माणूस जरा चहा घेतो, जरा आडवा होतो. सत्तावन्नाव्या वर्षी जरा लग्न करणारा मी पहिलाच पाहिला. आत ओढून बसवलं आणि एकेक गोष्ट काढून घेतली. त्यांची आई शेवटची दोन वर्षं अंथरुणाला खिळून होती. समोरच्या घरात शाळेतल्या एक क्लार्कबाई राहायच्या, वय एकावन्न, वडिलांचं करता करता त्यांचंही राहूनच गेलेलं. त्या येता-जाता आईकडे बघायच्या. काका रोज सकाळी कामावर निघण्याआधी बाईंना फोन करायचे, तिकडे तेव्हा संध्याकाळ असायची, आणि एकच विचारायचे, "आई जेवली का?" बाई म्हणायच्या, "हो, जेवल्या." दोन वर्षं रोज एवढंच बोलणं. मग आई गेली. काका दिवसवार करून परत आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हात सवयीने फोनकडे गेला. पलीकडून बाईंनी उचलला. आता काय विचारायचं?

"मग काय विचारलंत?" मी म्हटलं.

काकांचे कान लाल झाले होते. "विचारलं, तुम्ही जेवलात का?"

झालं. मागणी म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा, ती हीच.

त्यानंतरच्या शनिवारी भिंतीपलीकडून ड्रिलचा आवाज सुरू झाला. जाऊन बघते तर काकांनी ओट्यावरची मसाल्याची फळी भिंतीतून उखडली होती आणि हातभर खाली बसवत होते. शेजारी सुतळीचा तुकडा, त्याला एक गाठ. "ती पाच फूटसुद्धा नाही," ते म्हणाले. "इथली कपाटं म्हणजे उंटांसाठी बांधलेली. तिला हात वर करायला लावून मापच घेऊन आलो."

काका स्वतः सहा फुटी. म्हटलं, "अहो, ती येईपर्यंत तुम्हाला वाकावं लागणार, त्याचं काय?"

"किती दिवस? वर्षभर तर लागेल. आपल्याकडून काही राहायला नको."

दुसऱ्या दिवशी कपाळावर टेंगूळ घेऊन आले. भाजी परतताना फळीचा कोपरा लागला म्हणे.

अर्ज त्यांनी लग्नाच्या महिन्यातच पाठवला होता. स्वतः अमेरिकन नागरिक, बायकोला इकडे आणायचा अर्ज, सगळे म्हणाले की चटकन होईल. वर्ष गेलं आणि इमिग्रेशन खात्याचं पत्र आलं: तुमचं लग्न खरं आहे याचा आणखी पुरावा पाठवा. एकत्र काढलेले फोटो, समारंभाचे फोटो, एकमेकांशी झालेला संवाद. खात्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. खोटी लग्नं लावून येणारे असतात, ते तपासणारच. पण ही दोघं!

"लग्नाचे फोटो द्या," मी हात पुढे केला.

"काढले नाहीत."

"एकसुद्धा नाही?"

"अगं, या वयात गळ्यात हार घालून फोटो काढायचे म्हणजे… लोक काय म्हणतील? रजिस्टर लग्न, दोन साक्षीदार, सह्या केल्या. मग कोपऱ्यावर मिसळ खाल्ली आणि घरी आलो."

मी कपाळावर हात मारला. चांगलं आयुष्यभर दुसऱ्याच्या मालाची तपासणी केलेला माणूस, आणि स्वतःच्या लग्नाचा एक पुरावा ठेवला नाही. लाजेपायी! जगात लोक लग्नाआधी फोटो काढायला डोंगरावर जातात आणि ही दोघं चोरी करून आल्यासारखी. चांगलं झाडलं मी त्यांना. ते खिशातून फोन काढून म्हणाले, "मेसेज आहेत. रोजचे आहेत."

खरंच रोजचे होते. चारशेच्या वर दिवस. मराठीतले असल्याने त्यांचं इंग्रजी करून द्यायचं होतं, आणि मला दोन्ही भाषा येतात असं लिहून खाली सही करायची होती. मी तीन रविवार बसले. काय होतं त्यात? "जेवलात का?" "हो. तू जेवलीस का?" "हो." "पाऊस?" "थांबला." "पाठ?" "बरी आहे." दुसऱ्या दिवशी पुन्हा, "जेवलात का?" नवरा माझ्या खांद्यावरून वाचत म्हणाला, "यार, ही दोघं बोलतात तरी काय? ऑफिसरला वाटेल डाएटिशियन आहे."

मी हसले, पण मेसेज पुन्हा पहिल्या दिवसापासून चाळायला लागले. कारण तोवर माझ्या लक्षात आलं होतं की या चारशे दिवसांत बाईंनी नवऱ्याचं नाव एकदाही लिहिलेलं नाही. घ्यायचंच नाही ना नाव! आपल्या आज्या-पणज्यांनी घेतलं नाही, तसं यांनीही नाही. सगळं आपलं "अहो". आता हे परक्या माणसाला कसं कळायचं? त्याला दिसणार, एक बाई एका निनावी माणसाला रोज जेवलात का विचारते आहे.

शेवटी कागदाच्या तळाशी मीच एक टीप लिहिली: आमच्या जुन्या रीतीप्रमाणे बायको नवऱ्याचं नाव उच्चारत नाही, आणि हा प्रश्न नुसता जेवणाबद्दलचा नसतो. काकांनी ती दोनदा वाचली. मग गठ्ठा उचलून आपटायला लागले. आधी उभा, मग आडवा.

फोटोंसाठी मी त्यांना रजा काढायला लावून साताऱ्याला पिटाळलं. तीन आठवड्यांनी आले ते स्टुडिओतले चोवीस फोटो घेऊन. बघते तर प्रत्येकात दोघांच्या मधे एक माणूस सहज बसेल एवढी जागा. दोघांचेही हात मागे, नजर समोर, पतसंस्थेच्या निवडणुकीतले उमेदवार जसे. फक्त एका फोटोत काकू तोंडावर पदर धरून हसताहेत आणि काका कॅमेऱ्याकडे न बघता त्यांच्याकडे बघताहेत. फोटोग्राफरच्या स्टुलाचा पाय मोडून तो पडला होता, असं कळलं. मी म्हटलं, "देव त्या स्टुलाचं भलं करो. हा सगळ्यात वर ठेवा."

पुढे अर्ज मंजूर झाला, पण मंजूर होणं म्हणजे येणं नव्हे. कागद एका कार्यालयातून दुसऱ्याकडे गेले आणि तिकडच्या अमेरिकन वकिलातीत काकूंच्या मुलाखतीच्या रांगेत पडून राहिले. काका रोज सकाळी कॉम्प्युटरवर बघायचे आणि संध्याकाळी टपालपेटीत बघायचे. पेटी रिकामी दिसत असली तरी हात कोपरापर्यंत आत घालून मागची भिंत चाचपायचे. एकदा मी न राहवून म्हटलं, "काका, सरळ तिकडे जाऊन राहा ना. काय ठेवलंय इथे?"

"नोकरी सोडली तर तिला आणता येत नाही," ते म्हणाले. "बोलावणाऱ्याची मिळकत दाखवावी लागते. आणि नोकरी आहे तोवर रजा वर्षाला तीनच आठवडे."

त्यांच्या आवाजात कुरकुर नव्हती. मलाच रडू आलं. एवढी वर्षं हा माणूस एकटाच राहिला होता आणि त्याचं त्याला काही वाटत नव्हतं. आता घरात कोणीतरी नाही हे रोज दिसायला लागलं होतं. टेबलापाशी दुसरी खुर्ची आली होती, दारामागे दुसऱ्या कोटासाठी खुंटी. मीठ काढायलाही वाकायचं. दिवाळीला आमच्याकडे फराळाला यायचे, चिवड्याचं कौतुक करायचे, आणि माणसं जमून हसायला लागली की हळूच कोट चढवायचे. मी दारापर्यंत जायचे. "थांबा की काका." "नको. घरी कुणी…" असं म्हणून वाक्य अर्धं सोडायचे. घरी कुणी नव्हतंच.

तिसऱ्या वर्षी मुलाखतीची तारीख आली. काका माझ्याकडे धावत आले, शब्दशः धावत, बर्फावरून. त्याच आठवड्यात लक्षात आलं की काकूंचा पोलिसांचा दाखला वर्षापूर्वीचा, मुदत संपलेली. वाट बघता बघता कागदच शिळे झाले होते. ज्या माणसाने गठ्ठ्याची कड कधी वाकडी राहू दिली नाही, त्याच्याकडून तारीख बघायची राहिली. नवा दाखला मिळेपर्यंत मुलाखत गेली, पुन्हा रांग. त्या दिवशी ते माझ्या टेबलापाशी बसले, पण कागद आपटले नाहीत. "माझ्याकडून राहिलं," एवढंच म्हणाले. मी फटकळ बाई, पण त्या दिवशी त्यांना झाडलं नाही. चहा केला, तो निवून गेला.

चौथ्या हिवाळ्यात, फेब्रुवारीतल्या एका दुपारी, त्यांच्या कंपनीतून मला फोन आला. कोणाला कळवायचं या रकान्यात माझं नाव होतं. बायकोचा नंबर परदेशातला पडतो म्हणून. जेवणाच्या सुट्टीनंतर ते खुर्चीतच कलंडले होते. हॉस्पिटलला पोचायच्या आधीच सगळं संपलं.

काकूंना मी कळवलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. त्यांनी एकच विचारलं, "जेवले होते का?"

कंपनीने त्यांची बॅग माझ्या हातात दिली होती. मी डबा उघडून बघितला. पोळीचा तुकडासुद्धा उरला नव्हता.

"हो काकू," मी म्हटलं. "जेवले होते."

"बरं झालं," त्या म्हणाल्या, आणि मग रडल्या.

अंत्यविधी त्यांनी फोनवर बघितला. फोन मी धरला होता.

वकिलाने सांगितलं की नवरा गेला तरी अर्ज मरत नाही, विधवा म्हणून तोच पुढे चालवता येतो. मला वाटलं, काकू नकोच म्हणतील. आता येऊन करायचं काय? पण त्या म्हणाल्या, "त्यांनी एवढे कागद केले. आपल्याकडून काही राहायला नको." दीड वर्ष आणखी गेलं. घराची किल्ली माझ्याकडे होती. मी धूळ पुसायचे, पण एकही वस्तू हलवली नाही.

ऑक्टोबरात त्या आल्या. कोलंबसच्या विमानतळावर मी घ्यायला गेले होते. खरंच पाच फुटांच्या आतल्या, अंगात काकांनी पूर्वीच पाठवलेला कोट, आणि छातीशी फाइल. घरात शिरल्या, चपला काढल्या, दुसऱ्या खुर्चीकडे बघितलं, बसल्या नाहीत. म्हणाल्या, "तू दमली असशील. चहा टाकते."

चहाचा डबा कुठे आहे ते मी सांगणार, तेवढ्यात त्यांनी न बघता हात वर केला आणि फळीवरचा डबा हातात आला. टाचा उचलाव्या लागल्या नाहीत. त्या थबकल्या. डबा ओट्यावर ठेवला, फळीवर तळवा टेकवला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. काकांचं कपाळ आपटून आपटून कोपऱ्याचा रंग उडालेला होता.

"सुतळीने माप घेत होते," त्या म्हणाल्या. "मी विचारलं कशाला, तर बोलले नाहीत. मला वाटलं, कोटासाठी असेल."

मग त्यांनी फळीचा तो कोपरा बोटांनी धरला आणि काकांचं नाव घेतलं. अहो नाही, राव नाही, नुसतं नाव. कुणी माणूस शेजारच्या खोलीत असावा आणि त्याला हाक मारावी, तसं.

ते नाव मी अर्जांवर शेकडो वेळा टाइप केलं आहे. पण इथे लिहीत नाही. ते काकूंनी पहिल्यांदा घेतलं, त्यांच्याकडेच राहू दे.